चालू थ्रेड मधेच थांबवायचा कसा? स्लीप, वेट आणि 'थांबवा' बटण

प्रश्न थोडक्यात असा आहे. जावात, स्विंग (पडद्यावरच्या खिडक्या-बटणांची लायब्ररी) वापरून लिहिलेला एक प्रोग्रॅम आहे. त्यातला वर्कर थ्रेड (प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) एका फोल्डरमधल्या बिलांच्या फाइली एकेक करून वाचतो आणि डेटाबेसमध्ये नोंदवतो. पडद्यावर 'थांबवा', 'पुढे चालू' आणि 'बंद' अशी तीन बटणे आहेत. पहिल्या प्रयत्नात वर्करने सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकमध्ये (लॉक लावलेला, एका वेळी एकाच थ्रेडला शिरता येईल असा भाग) शिरून 'थांबलेला' हा बूलियन फ्लॅग खरा असेतोवर थ्रेड.स्लीप(१०००) करत राहायचे, असे लिहिले होते. त्यात 'पुढे चालू' दाबले की सगळा पडदाच गोठायचा. दुसऱ्या प्रयत्नात सिंक्रोनाइझ्ड आणि स्लीप दोन्ही काढून नुसते रिकामे लूप ठेवले. तेव्हा सीपीयूचा एक कोअर पूर्ण व्यापला गेला आणि काही वेळा 'पुढे चालू' दाबूनही वर्कर हलेना. 'बंद' दाबल्यावर खिडकी जाते, पण प्रोसेस मागे उरते. शेवटी विचारले आहे की वर्कर.सस्पेंड() आणि वर्कर.रिझ्यूम() वापरले तर हे सगळे एकदम सुटेल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यातूनच उलगडते. सस्पेंड वापरू नका. ते १९९८ मध्ये जेडीके (जावात प्रोग्रॅम लिहिण्याचा संच) १.२ पासूनच कालबाह्य ठरवलेले आहे. जेडीके २० पासून ते बोलावले की अनसपोर्टेड-ऑपरेशन एक्सेप्शन मिळते आणि जेडीके २३ मध्ये ही मेथडच काढून टाकली आहे. जुन्या पुस्तकातला नमुना उतरवून घेतला तर तो नव्या जेडीकेवर कंपाइलही होणार नाही.

काढून टाकण्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सस्पेंड समोरच्या थ्रेडला तो असेल त्या ओळीवर गोठवते, आणि त्या क्षणी त्याच्या हातात असलेली सगळी लॉक त्याच्याच हातात राहतात. समजा वर्कर त्या वेळी लॉगची ओळ छापत होता. छापण्याच्या वर्गाला स्वतःचे आतले लॉक असते. आता पडद्याच्या थ्रेडनेही (बटणे आणि रंगवणे सांभाळणाऱ्या) काहीतरी छापायला घेतले तर तो त्या लॉकपाशी अडकतो. वर्करला रिझ्यूम करणारे बटण पडद्याच्या थ्रेडवरच चालते, म्हणजे सोडवणाराच अडकलेल्याच्या दारात उभा. यात तुमच्या कोडची चूक शोधून सापडणार नाही, कारण सस्पेंडचा क्षण कुठे पडेल ते तुमच्या हाती नसते.

म्हणून नियम असा धरा की थ्रेडला बाहेरून थांबवता येत नाही. बाहेरून फक्त विनंती करता येते, आणि थ्रेड आपल्या सोयीच्या जागी ती विनंती वाचून स्वतः थांबतो. सोयीची जागा म्हणजे जिथे हातात लॉक नाही, ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधला एकत्रच पुरा होणारा बदलांचा गट) उघडे नाही, फाइल अर्धवट वाचलेली नाही. सगळे डिझाइन या जागा नेमक्या कुठे आहेत, ते ठरवण्यात आहे. विनंती पोचवणे हा त्यामानाने सोपा भाग आहे, आणि तुमचे दोन्ही प्रयत्न नेमके तिथे अडखळले आहेत.

पहिल्या प्रयत्नात पडदा का गोठला

थ्रेड.स्लीप कोणतेही लॉक सोडत नाही. झोपताना जी लॉक हातात होती ती उठेपर्यंत हातातच राहतात. तुमचा वर्कर सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकच्या आत झोपत होता. 'पुढे चालू' बटणाची मेथड त्याच ऑब्जेक्टवर सिंक्रोनाइझ्ड आहे, म्हणून फ्लॅग खोटा करण्याआधी तिला ते लॉक हवे. लॉक वर्करकडे. वर्कर ते तेव्हाच सोडणार, जेव्हा फ्लॅग खोटा होईल. एक सेकंदाने तो जागा होतो, फ्लॅग पाहतो, पुन्हा झोपतो, आणि या सगळ्यात लॉक एकदाही सुटत नाही. बटणाची मेथड पडद्याच्या थ्रेडवर चालते, त्यामुळे पडद्याचे पुन्हा रंगवणेही बंद पडते. स्लीप १००० च्या जागी १० केले तरी काहीही बदलणार नाही.

इथेच आणखी एक चूक फार जण करतात. बटणाच्या मेथडमध्ये वर्कर.स्लीप(१०००) असे लिहितात आणि वर्कर झोपेल अशी अपेक्षा धरतात. स्लीप ही स्टॅटिक मेथड आहे. डावीकडे कोणत्याही थ्रेडचे नाव लिहा, झोपतो तो ही ओळ चालवणारा थ्रेड, म्हणजे इथे पडद्याचाच. कंपाइलर हे अडवत नाही, एडिटर फार तर पिवळी खूण दाखवतो. ती खूण दुर्लक्षू नका.

दुसऱ्या प्रयत्नात वर्कर जागा का झाला नाही

रिकाम्या लूपने कोअर व्यापणे साहजिक आहे, कारण तो थ्रेड थांबलेला नाहीच. तो तोच प्रश्न सेकंदाला कोट्यवधी वेळा विचारत राहतो. कधीच न जागे होण्याचे कारण वेगळे आहे. फ्लॅग व्होलटाइल (बदल इतर थ्रेडना दिसावा अशी खूण लावलेला) नाही आणि लॉकही काढून टाकले, म्हणजे एका थ्रेडने लिहिलेले दुसऱ्याला दिसेल याची हमी देणारे काहीही उरले नाही. लूपच्या आत फ्लॅग बदलत नाही असे पाहून जिट कंपाइलर (प्रोग्रॅम चालू असतानाच यंत्रकोड बनवणारा) तो एकदाच वाचतो आणि पुढे लूप कायमचे खरे धरून चालवतो. त्याला तसे करण्याची मुभा आहे. लूप पुरेसे फिरून तापल्यावरच जिट त्याचे यंत्रकोड बनवतो, त्यामुळे डीबगरमध्ये किंवा पहिल्या काही सेकंदांत सगळे नीट चालते आणि नंतर अडकते. हा दोष डीबगर लावून शोधू पाहिला तर बहुधा दिसतच नाही.

लूपमध्ये स्लीप परत घातले तर हे सुटेल का? प्रत्यक्षात बहुतेक वेळा सुटल्यासारखे दिसेल. पण जावाच्या भाषा-नियमावलीतला १७.३ हा विभाग स्पष्ट सांगतो की स्लीप आणि यील्ड यांना सिंक्रोनायझेशनचा कोणताही अर्थ नाही, आणि उदाहरण म्हणून नेमके हेच लूप देतो: फ्लॅग पाहा, एक सेकंद झोपा, पुन्हा पाहा. तिथेही कंपाइलरला फ्लॅग एकदाच वाचण्याची परवानगी आहे. फ्लॅग व्होलटाइल केला की दिसण्याचा प्रश्न मिटतो. उरतो तो उशिराचा: हजार मिलिसेकंदांची झोप ठेवली तर बटण दाबल्यावर सरासरी अर्धा सेकंद आणि वाईटात वाईट एक सेकंद काहीच घडत नाही. झोप कमी करावी तर थ्रेड विनाकारण उठत राहतो, लॅपटॉपची बॅटरी खातो.

या ओढाताणीचे मूळ एकच आहे. तुमचा वर्कर वेळेची वाट पाहत नाही, तो एका घटनेची वाट पाहतो: कोणीतरी 'पुढे चालू' दाबण्याची. स्लीप फक्त वेळ जाण्यासाठी आहे. घटनेसाठी वेट आहे.

चालणारी रचना

एक खासगी लॉक ऑब्जेक्ट आणि तीन किमतींची एकच स्थिती ठेवा: चालू, विराम, बंद. 'थांबलेला' आणि 'बंद झाला' असे दोन बूलियन ठेवले की दोन्ही खरे असताना काय करायचे हा प्रश्न उगाच अंगावर येतो. सांगाडा मराठीतच लिहितो, जावात उतरवणे सरळ आहे:

वर्करचे मुख्य लूप:
  जोपर्यंत खरे:
    जर परवानगी_घ्या() == बंद, तर लूप सोडा
    फाइल = पुढची_फाइल()
    जर फाइल उरली नाही, तर लूप सोडा
    नोंदवा(फाइल)  // ट्रान्झॅक्शन उघडा, लिहा, कमिट (पक्के) करा, फाइल बंद करा

परवानगी_घ्या():
  सिंक्रोनाइझ्ड (लॉक):
    जोपर्यंत स्थिती == विराम:
      लॉक.वेट()
    स्थिती परत द्या

स्थिती_बदला(नवी):
  सिंक्रोनाइझ्ड (लॉक):
    जर स्थिती == बंद, तर काही न करता परत फिरा
    स्थिती = नवी
    लॉक.नोटिफायऑल()

वेट आणि स्लीप यांतला निर्णायक फरक असा की वेट त्या ऑब्जेक्टचे लॉक सोडून झोपते आणि उठल्यावर ते पुन्हा मिळवूनच पुढच्या ओळीवर जाते. म्हणून वर्कर थांबलेला असताना बटणाच्या मेथडला लॉक लगेच मिळते. मात्र वेट सोडते ते फक्त ज्या ऑब्जेक्टवर ती बोलावली त्याचेच लॉक. बाहेरून आणखी एखादे लॉक घेऊन आत आला असाल तर ते तसेच राहते आणि पहिल्या प्रयत्नातला घोळ दुसऱ्या नावाने परत येतो. परवानगी_घ्या() बोलावताना हातात दुसरे कोणतेही लॉक नसावे, हे कोड तपासताना मुद्दाम पाहा.

वेटभोवती 'जोपर्यंत' हवेच, 'जर' चालणार नाही. वेट कोणीही न उठवता परत येऊ शकते, हे नियमावलीत मान्य केलेले आहे. पण व्यवहारात जास्त भेटणारे कारण साधे आहे: 'पुढे चालू' दाबले, नोटिफाय (वेटमधल्याला जागे करणे) झाले, पण वर्करला लॉक परत मिळण्याआधीच कोणीतरी पुन्हा 'थांबवा' दाबले. 'जर' असेल तर वर्कर विरामात असूनही एक फाइल नोंदवून मोकळा होतो.

फ्लॅग पाहणे आणि वेट करणे एकाच सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकमध्ये आहे, तेही हेतुपूर्वक. लॉकबाहेर फ्लॅग पाहिला आणि नंतर आत शिरून वेट केले, तर त्या दोहोंच्या मधल्या फटीत नोटिफाय होऊन जाते. नोटिफायची आठवण कुठे साठत नाही. त्या क्षणी कोणी वाट पाहत नसेल तर ते हवेत विरते, आणि वर्कर झोपतो तो पुढच्या बटणापर्यंत. लॉक न घेता वेट किंवा नोटिफाय बोलावले तर इल्लीगल-मॉनिटर-स्टेट एक्सेप्शन येते. ते येणे चांगले, कारण चूक तिथल्या तिथे कळते.

नोटिफायऐवजी नोटिफायऑल का? आज वर्कर एकच आहे. उद्या चार केले आणि नोटिफायच राहिले, तर चारातला एकच उठेल आणि बाकीचे तीन विरामातच बसतील. नोटिफायऑलचा इथला खर्च नगण्य आहे.

लॉकसाठी 'धिस' (चालू ऑब्जेक्ट स्वतः) वापरू नका, स्वतंत्र खासगी आणि फायनल ऑब्जेक्ट घ्या. कोडमध्ये थेट लिहिलेली स्ट्रिंग किंवा इंटिजर ऑब्जेक्ट तर कधीच नको. ती ऑब्जेक्ट जेव्हीएमभर (जावा चालवणाऱ्या यंत्रणेत सर्वत्र) वाटली जातात, त्यामुळे भलत्याच लायब्ररीने तुमचे लॉक धरून ठेवलेले सापडू शकते.

थांबण्याच्या जागा

सांगाड्यात तपासणी दोन फाइलींच्या मध्ये आहे. लहान फाइलींना ते पुरते. एका फाइलीत ५०,००० ओळी असतील तर 'थांबवा' दाबणाऱ्याला ती संपेपर्यंत थांबावे लागेल. मग फाइल ५०० ओळींच्या तुकड्यांत नोंदवा आणि प्रत्येक तुकडा कमिट झाल्यावर परवानगी_घ्या() बोलवा. अर्थात त्यासाठी कोणता तुकडा नोंदला गेला याची खूणही डेटाबेसमध्येच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवावी लागेल, नाहीतर मधेच बंद केल्यावर पुढच्या वेळी ओळी दोनदा जातील.

उघड्या ट्रान्झॅक्शनच्या आत मात्र कधीच थांबू नका, स्लीपही नको. तोवर बदललेल्या ओळींची डेटाबेसमधली लॉक अडकून राहतात आणि कनेक्शनही परत जात नाही. हिकारीसीपीमध्ये (डेटाबेस कनेक्शनचा साठा सांभाळणारी लायब्ररी) कनेक्शनची कमाल संख्या मुळात १० असते आणि कनेक्शन मागणारा ३० सेकंद वाट पाहून एक्सेप्शन देतो. दहा वर्कर ट्रान्झॅक्शनमध्ये विराम घेऊन बसले, तर अकरावी मागणी, मग ती प्रोग्रॅमच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेली असो, अर्ध्या मिनिटाने कोसळते. वरवर पाहता चूक डेटाबेसची वाटते.

विनंती आणि प्रत्यक्ष थांबणे यांत अंतर असते, ते वापरणाऱ्याला दिसू द्या. बटण दाबताच 'थांबत आहे' आणि वर्कर खरोखर वेटपाशी पोचल्यावर 'थांबले' असे दोन वेगळे शब्द दाखवा. दुसरा बदल वर्करकडून स्विंग-युटिलिटीजच्या इन्व्होकलेटरमधून करा. वर्करने पडद्याच्या घटकांना थेट हात लावायचा नाही. आणि हे वेटच्या आधी, पण सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकमध्ये केले तरी चालते, कारण इन्व्होकलेटर फक्त रांगेत काम टाकून परत येते. त्याचा भाऊ इन्व्होक-अँड-वेट इथे वापरला तर मात्र लॉक हातात धरून पडद्याची वाट पाहणे होईल आणि पडदा लॉकची वाट पाहत असेल.

'बंद' आणि इंटरप्ट

प्रोसेस मागे उरण्याचे कारण बहुधा रिकामे कॅच आहे. स्लीप किंवा वेट चालू असताना इंटरप्ट (थ्रेडला मधेच हाक मारणे) झाले की इंटरप्टेड एक्सेप्शन येते, आणि ते येतानाच थ्रेडची इंटरप्ट-खूण पुसली जाते. कॅचमध्ये काहीच न लिहिता लूप पुढे चालू ठेवले, तर बंद करण्याची विनंती पूर्णपणे हरवते. वर्कर डीमन (ज्याच्यासाठी प्रोसेस थांबून राहत नाही असा थ्रेड) नसल्यामुळे जेव्हीएमही संपत नाही. डीमन केला तर प्रोसेस संपेल, पण अर्धी नोंद टाकून, म्हणून तो उपाय इथे नको.

एक्सेप्शन वर पाठवता येत असेल तर पाठवा. रनेबलच्या रन मेथडमधून ते पाठवता येत नाही, तिथे थ्रेड.करंटथ्रेड().इंटरप्ट() करून खूण पुन्हा लावा आणि लूप सोडा. 'बंद' बटणात आधी स्थिती_बदला(बंद), मग गरज असेल तर इंटरप्ट, आणि मग जॉइन (थ्रेड संपण्याची वाट पाहणे) ठरावीक मुदतीसह. हे जॉइन पडद्याच्या थ्रेडवर करू नका.

'गरज असेल तर' असे मुद्दाम म्हटले, कारण इंटरप्ट वाटते तितके निरुपद्रवी नाही. फाइलचॅनेलमधून वाचत असताना थ्रेड इंटरप्ट झाला तर चॅनेलच बंद होते आणि क्लोज्ड-बाय-इंटरप्ट एक्सेप्शन येते. ते चॅनेल अनेक थ्रेड वाटून वापरत असतील तर सगळ्यांचेच काम जाते. उलट साध्या थ्रेडवर जुन्या पद्धतीच्या सॉकेटमधून वाचणे इंटरप्टला दादच देत नाही. तिथे सॉकेट बंद करणे किंवा आधीच टाइमआउट लावून ठेवणे हाच मार्ग. म्हणून विरामासाठी इंटरप्ट कधीही वापरू नका, तो फक्त कायमचे बंद करण्यासाठी राखून ठेवा.

मग स्लीप कुठे योग्य?

जिथे खरोखर वेळच जायला हवी तिथे. दूरच्या सर्व्हरने नकार दिला आणि दोन सेकंदांनी पुन्हा विचारायचे आहे, किंवा एखादे उपकरण काही कळवतच नाही आणि अधूनमधून डोकावणे भाग आहे. पुन्हा प्रयत्न करताना १, २, ४, ८ सेकंद असे अंतर वाढवत न्या, वर कमाल मर्यादा ठेवा आणि त्यात थोडी यादृच्छिक वेळ मिसळा. नाहीतर एकाच वेळी पडलेले शंभर क्लायंट एकाच वेळी पुन्हा धडकतात. फोल्डरवर नजर ठेवायला जावात वॉचसर्व्हिस आहे, त्यामुळे नवी फाइल आली का हे पाहण्यासाठी झोपण्याची गरज बहुधा पडत नाही. नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरला मात्र तिच्यावर विसंबू नका, दुसऱ्या मशीनने केलेले बदल तिथे दिसतीलच असे नाही. तिथे डोकावणेच बरे.

अशी झोप वर्करमध्ये असेल तर तीही स्लीपने न करता त्याच लॉकवर मुदतीच्या वेटने करा. मग 'बंद' दाबताच तो लगेच उठतो, आठ सेकंदांची झोप पुरी होण्याची वाट पाहत नाही. इथे एक धोका आहे. मुदतीचे वेट लूपमध्ये असते, त्यामुळे दर फेरीत उरलेली वेळ मोजून द्यावी लागते. उरलेली वेळ नेमकी शून्य निघाली आणि लॉक.वेट(०) झाले, तर त्याचा अर्थ 'लगेच परत या' असा नाही, 'कायम वाट पाहा' असा आहे. स्लीप(०) मात्र लगेच परत येते. ऋण संख्या दिली तर दोन्हीकडे एक्सेप्शन. म्हणून वेटच्या आधी 'उरलेली वेळ शून्य किंवा कमी असेल तर लूप सोडा' ही ओळ हवीच. री-एंट्रंट-लॉकच्या कंडिशनवरचे अवेटनॅनोज उरलेली वेळ स्वतःच परत देते, आणि मुदती बऱ्याच असतील तर मी तेच घेण्याचा सल्ला देईन.

उरलेली वेळ मोजायला सिस्टम.नॅनोटाइम घ्या. करंट-टाइम-मिलिस हे भिंतीवरचे घड्याळ आहे. नेटवर्कवरून वेळ जुळवताना ते मागेपुढे सरकते. नॅनोटाइमचे आकडे फक्त एकमेकांतून वजा करायचे, त्यांना तारखेचा अर्थ नाही.

अचूकतेबद्दल. स्लीपमध्ये दिलेला आकडा किमान समजा, त्याहून लवकर सहसा उठत नाही, उशिरा मात्र उठू शकतो. विंडोजच्या घड्याळाचा ठोका मुळात १५.६२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणून १ मिलिसेकंद मागितला तरी तेवढी वेळ जाऊ शकते. लिनक्सवर साध्या थ्रेडला ५० मायक्रोसेकंदांची सैल मर्यादा असते, त्यावर शेड्युलरच्या रांगेतला वेळ वेगळा. गजबजलेल्या मशीनवर किंवा मेमरीतला कचरा गोळा करण्याच्या विरामात हा उशीर कितीही वाढू शकतो. मिलिसेकंदाच्या आतले काम स्लीपवर बेतू नका.

ठरावीक अंतराने काम हवे असेल तर 'काम करा, मग १००० झोपा' हे लूप हळूहळू मागे पडते. काम ४० मिलिसेकंदांचे असेल तर फेरी १०४० ची होते, आणि तासाला ३,६०० ऐवजी सुमारे ३,४६१ फेऱ्या होतात. पुढच्या फेरीची वेळ आधीच ठरवून तिथपर्यंतचेच अंतर झोपावे, किंवा सरळ शेड्यूल्ड-एक्झिक्युटर वापरावा. त्यात शेड्यूल-अ‍ॅट-फिक्स्ड-रेट ठरलेल्या वेळा पाळते, आणि शेड्यूल-विथ-फिक्स्ड-डिले एक फेरी संपल्यावर अंतर मोजायला लागते. कामाने एक्सेप्शन बाहेर टाकले की दोन्हींत पुढच्या सगळ्या फेऱ्या गुपचूप रद्द होतात, लॉगमध्ये एक ओळही येत नाही. त्या कामाच्या सगळ्यात बाहेर कॅच लावा. पडद्यावरच्या हालचालीसाठी हे दोन्ही नको, स्विंगचा टायमर घ्या.

वर्करऐवजी थ्रेडपूल (कामे वाटून घेणारा थ्रेडांचा गट) वापरत असाल तर बिफोर-एक्झिक्यूट ही मेथड ओव्हरराइड करून तिथे परवानगी_घ्या() सारखीच तपासणी घाला. थ्रेडपूल-एक्झिक्युटरच्या अधिकृत दस्तऐवजात विरामाचा असा नमुना दिलेला आहे. त्याने नवे काम सुरू होणे थांबते, चालू असलेले काम पूर्ण होईपर्यंत चालतेच, हे लक्षात असू द्या.

वेब सर्व्हरवर विनंतीच्या थ्रेडमध्ये झोपण्याचा हिशेब वेगळा आहे. टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरमध्ये मुळात कमाल २०० थ्रेड असतात. प्रत्येक विनंती २ सेकंद झोपली तर सेकंदाला १०० हून जास्त विनंत्या पुऱ्या होऊच शकत नाहीत, सीपीयू कितीही मोकळा असो. जेडीके २१ मधल्या व्हर्च्युअल थ्रेडनी (जेव्हीएमने सांभाळलेले हलके थ्रेड) हे बदलले: व्हर्च्युअल थ्रेड झोपला की खालचा खरा थ्रेड मोकळा होऊन दुसऱ्या कामाला लागतो. पण जेडीके २४ च्या आधी सिंक्रोनाइझ्डच्या आत झोपल्यास खरा थ्रेडही अडकून बसतो. आणि हातातली लॉक व डेटाबेसची कनेक्शन व्हर्च्युअल थ्रेडही सोडत नाही.

दुसऱ्या भाषेतून येणाऱ्यांसाठी थोडेसे. पायथॉनमध्ये थ्रेडिंग.इव्हेंट घ्या, तो सेट असला म्हणजे चालू, क्लिअर केला म्हणजे विराम, आणि वर्करने दर फाइलीआधी वेट बोलवायचे. सी++ मध्ये कंडिशन-व्हेरिएबलच्या वेटला अट सोबत द्या, म्हणजे लूप तेच सांभाळते. सी++२० पासून जेथ्रेड आणि स्टॉप-टोकन बंद करण्याची विनंती नीट पोचवतात. डॉटनेट कोअरवर थ्रेड.सस्पेंड चालत नाही, तिथे मॅन्युअल-रीसेट-इव्हेंट-स्लिम वापरतात.

तपासणी

चाचणीत 'विराम दे, स्लीप(५००), मग पाहा' असे लिहू नका. ते तुमच्या मशीनवर पास होईल आणि भार असलेल्या बिल्ड सर्व्हरवर अधूनमधून पडेल. वेटपाशी पोचताच वर्कर काउंटडाउन-लॅच (शून्यावर आला की वाट पाहणाऱ्याला सोडणारा मोजणीदार) खाली करेल आणि चाचणी त्या लॅचवर ५ सेकंदांच्या मुदतीने थांबेल, असे करा. मुदत उदार ठेवली तरी चालते, कारण सगळे ठीक असेल तर ती कधीच पूर्ण वापरली जात नाही.

चालत्या प्रोग्रॅममध्ये काय अडले आहे ते जेस्टॅकने (सगळ्या थ्रेडची त्या क्षणीची स्थिती, म्हणजे डंप, छापणारे साधन) पाहा. वर्करला तयार करतानाच नाव द्या, नाहीतर शंभर 'थ्रेड-१७' मधून तो शोधावा लागतो. दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप घ्या. एका डंपवरून अडकलेला आणि नुकताच तिथे पोचलेला यांत फरक कळत नाही. तिन्हीत वर्कर 'टाइम्ड वेटिंग', कंसात 'स्लीपिंग', आणि खालच्या ओळीत 'लॉक्ड' दिसला, तर तो लॉक धरून झोपतो आहे, म्हणजे तुमचा पहिला प्रयत्न. त्याच वेळी पडद्याचा थ्रेड, ज्याचे नाव एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू ने सुरू होते, 'ब्लॉक्ड' असेल आणि त्याच लॉकचा पत्ता दाखवत असेल. तिन्हीत 'रनेबल' आणि नेहमी त्याच ओळीवर असेल, तर तो दुसरा प्रयत्न. दुरुस्तीनंतर विरामात असताना तो 'वेटिंग', कंसात 'ऑन ऑब्जेक्ट मॉनिटर' असा दिसायला हवा. तिथेही खालच्या चौकटीत त्याच पत्त्यासमोर 'लॉक्ड' असे छापलेले दिसू शकते. त्याने घाबरू नका: वेटच्या चौकटीत तोच पत्ता 'वेटिंग ऑन' म्हणून आला असेल, तर ते लॉक त्याने सोडलेले आहे.